माईंचं देणं

डोंबिवलीला राहून फोर्टात नोकरी करणाऱ्या बाईचा दिवस 1985 च्या आसपास कसा जात असे, हे लोकलच्या बायकांच्या डब्यातून ज्यांनी तेव्हा प्रवास केला त्यांना सांगायला नको. पहाटे नळाला पाणी येई तेव्हा उठायचं, पाणी भरता भरता कणीक भिजवायची, दोघांचे डबे करायचे, मुलीला सांभाळणाऱ्या बाईंकडे सोडायचं आणि व्ही.टी.ची फास्ट गाठायची. संध्याकाळी गाडीने पारसिकचा बोगदा मागे टाकला की डोक्यात एकच विचार सुरू होई, आज रात्री काय करायचं? घरात काय आहे आणि काय संपलंय याचा पत्ता नसे. मग स्टेशनबाहेर जी भाजी समोर दिसेल ती, सांगतील त्या भावाने घ्यायची. घरी येऊन पाहावं तर तीच भाजी टोपलीत पिवळी पडत आलेली असे.

वाण्याचंही तसंच. कोपऱ्यावरच्या दुकानात आमची उधारीची वही होती. लागेल तेव्हा चिठ्ठी पाठवायची; पाव किलो रवा, शंभर ग्रॅम जिरं, एखादा साबण. भाव विचारायला सवड नसे आणि उधारीवर घेणाऱ्याला भाव विचारायचा संकोचही वाटतो. एक तारखेला जो आकडा निघेल तो भरायचा. घरात दोन पगार येत, पण फ्लॅटच्या कर्जाचा हप्ता, गावी सासूबाईंना पाठवायचे पैसे आणि मुलीला सांभाळणाऱ्या बाईंचे पैसे गेले की तिसऱ्या आठवड्यापासून ओढाताण सुरू होई. दुसऱ्या वेळी मुलगा झाला, बाळंतपणाची रजा संपत आली, तेव्हा मी राजीनामा लिहिला आणि पर्समध्ये ठेवला. घरात सगळ्यांनाच ते पटलं होतं. मलाही.

माईंना पटलं नाही.

माई आमच्याच मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहत. आमच्या ना नात्याच्या ना गोत्याच्या. त्यांच्याकडून मेतकूट घ्यायला गेले असताना मी सहज राजीनाम्याचं बोलले. त्यांनी बरणीचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "कागद पर्समध्येच राहू दे. एक महिना माझ्या म्हणण्याप्रमाणे घर चालव. त्यानंतर द्यायचा तर दे, मी अडवणार नाही." मी म्हटलं, "माई, पगार पुरत नाही आणि वेळही पुरत नाही. मग कशासाठी धावायचं?" त्यावर त्या जे बोलल्या ते मी पुढे कितीतरी मुलींना सांगितलं आहे. "पगार पुरतोय गं तुला. संध्याकाळ पुरत नाही. संध्याकाळ पुरत नाही म्हणून पगार जातो."

हे त्यांना कुठून कळलं होतं, ते सांगायला हवं. माई मूळच्या लालबागच्या. त्यांचे यजमान परळच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. 1972 च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो यायचा, तेल-साखरेला रांगा लागायच्या. त्या महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांनी बायकांना रस्त्यावर आणलं, त्या लाटणं मोर्चात माई होत्या. पण त्यांची खरी परीक्षा पुढे झाली. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेला नाही, आणि त्यातले असंख्य लोक पुन्हा कधी गिरणीत गेलेच नाहीत. माईंचे यजमान त्यांतले एक. पगार बंद झाला त्या दिवशी घरात खाणारी तोंडं सात होती.

त्या काळातली त्यांची वही मी पाहिली आहे. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. आपण किराणा किलोत मोजतो, रुपयांत मोजतो. माईंनी तो दिवसांत मोजला होता. 'तूरडाळ, बावीस दिवस. गोडंतेल, सोळा दिवस. गूळ, एक महिना.' डब्यात डोकावून, वाटीने मापून, हा जिन्नस किती दिवस जाईल ते लिहायचं आणि मग ठरवायचं की कशाला हात आखडता घ्यायचा. जिथे उद्याचा पगार नाही तिथे किलोचा उपयोग काय, दिवस किती निघतील ते महत्त्वाचं. संपात घर टिकवण्यासाठी बाईने शोधलेली ही रीत होती. मला ती नोकरी टिकवण्यासाठी मिळाली.

पहिल्याच रविवारी त्या आमच्या स्वयंपाकघरात आल्या. "आधी डबे बघ, मग वही उघड," म्हणाल्या. सगळे डबे खाली काढले. एकाच घरात तीन ठिकाणी साबुदाणा निघाला आणि मोहरीचे दोन पुडे निघाले. चिठ्ठीने सामान आणलं की हे होणारच, कारण चिठ्ठी लिहिताना माणूस डबा बघत नाही, आठवेल ते लिहितो. मग वहीत तीन रकाने केले: आहे, लागेल, आणायचं. 'लागेल'साठी त्यांचे ठोकताळे होते. मोठ्या माणसाला महिन्याला अर्धा किलो तेल, त्याहून जास्त नाही. वरणाला माणशी सपाट मूठभर डाळ. चहा-साखरेला मात्र पाहुण्यांचा वेगळा हिशेब, कारण पाहुण्याला चहा फिका द्यायचा नसतो. आणि लहान मुलांच्या दुधाला, फळांना हिशेबात कात्री लावायची नाही, हे त्यांनी बजावून सांगितलं. काटकसर करताना पहिला घाव मुलांच्या आणि घरच्या बाईच्या ताटावर पडतो, हे त्यांनी संपाच्या काळात चाळीतल्या घराघरांत पाहिलं होतं. त्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज चढायचा.

भाजीचं त्यांनी शिकवलं ते तर कुठल्याच पुस्तकात मला सापडलं नाही, त्यांच्याच फडताळातल्या कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'तही नाही. आठवड्याची भाजी एकदाच आणायची आणि ती नासायच्या क्रमाने संपवायची. आवडीनिवडीचा विचार त्या क्रमाच्या आत. रविवारी बाजार केला की सोम-मंगळवारी पालेभाज्या, मेथी, पालक, चाकवत. मग वांगी, भेंडी, गवार. त्यानंतर कोबी, दुधी, तांबडा भोपळा, यांना घाई नसते. शुक्रवारपर्यंत ओलं सगळं संपतं, आणि शेवटचे दोन दिवस कडधान्यांचे नाहीतर पिठल्याचे. मटकी बुधवारी रात्री भिजत घातली, गुरुवारी सकाळी उपसून पंचात बांधली, की शुक्रवारी मोड तयार. पाव किलो कोरडी मटकी मोड येऊन दुपटीच्या वर होते, त्यात चार माणसांची उसळ होऊन मुलांच्या डब्याला उरते. त्या वेळच्या भाजीच्या भावाशी ताडून पाहिलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट अशी झाली की 'आज काय करायचं' हा प्रश्न संपला. बुधवार म्हणजे वांगी किंवा भेंडी, हे ठरलेलं. गाडीत मी तो विचार करायची थांबले आणि पुस्तक उघडू लागले.

गाडीतल्या आमच्या डब्यात भाजी निवडणाऱ्या बायका होत्याच. मटार सोलणं, गवार मोडणं, लसूण सोलणं, सगळं ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत चाले. मीही ते करून पाहिलं. माई म्हणाल्या, गाडीतला वेळ तुझा आहे, तो भाजीला देऊ नकोस. भाजी निवडायला घरात माणसं आहेत. आणि त्यांनी आमच्या यजमानांना हाक मारली. "अरे, टीव्ही बघताना हात मोकळे असतात ना तुझे?" ते ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात पाळ्यांवर जात. त्यांच्या घरी पुरुषाने विळी हातात घेतल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. पण माईंना ते नाही म्हणू शकले नाहीत. रविवारी सकाळी वर्तमानपत्र अंथरून बसायचं, त्यांनी लसूण सोलायचा, पालेभाजी निवडून फडक्यात गुंडाळून ठेवायची. मी दाण्याचं कूट करायचं, खोबरं किसून भाजायचं, आलं-लसूण-मिरचीचं वाटण करून थोडं मीठ-तेल घालून बरणीत भरायचं. मुलगी मोठी झाली तशी तीही बसू लागली. दोन तासांत आठवड्याचं अर्धं काम व्हायचं. वेळ वाचवण्याचे जे उपाय एकट्या बाईला पहाटे आणखी लवकर उठवतात, ते उपायच नव्हेत, असं माझं तेव्हापासून ठाम मत आहे.

कुकरचंही सांगते. भात-वरण तर सगळेच लावतात. माई तिसरं भांडं कधी रिकामं जाऊ देत नसत. त्यात उद्याच्या भाजीचे बटाटे, नाहीतर तांबड्या भोपळ्याच्या फोडी, नाहीतर मुलाच्या पेजेचे तांदूळ. डाळ तासभर भिजवलेली असली की शिट्ट्या कमी लागतात. तेव्हा सिलिंडर संपला की नंबर लावून वाट बघत बसावं लागे आणि रॉकेलच्या स्टोव्हवर दिवस काढावे लागत, त्यामुळे एकेका शिट्टीला किंमत होती.

मग साठवणीचे जिन्नस. दमून आलेल्या बाईच्या घरी वीस मिनिटांत होणारं जेवण असेल तर ती बाहेरून काही मागवणार नाही, हा माईंचा सिद्धांत. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ, भाजलेला रवा, हे त्या कायम तयार ठेवत, आणि संपानंतर त्यांनी विकायला सुरुवात केली तीही यांचीच. भाजणीचं त्यांचं प्रमाण असं: तांदूळ, ज्वारी, बाजरी प्रत्येकी अर्धा किलो, हरभऱ्याची आणि उडदाची डाळ पाव-पाव किलो, धणे दोन मुठी, जिरं अर्धी मूठ, प्रत्येक जिन्नस वेगळा खमंग भाजायचा, गार करायचा, मग गिरणीत द्यायचा. उन्हाळ्यात आम्ही दोघी लालबागला जायचो. मिरची गल्लीत बेडगी आणि शंकेश्वरी घ्यायची, गरम मसाला निवडून घ्यायचा आणि तिथेच डंकावर कुटून आणायचा. वर्षाचं तिखट-मसाला त्या एका खेपेत येई. लालबागला उतरलं की माई वेगळ्याच होत. दुकानदार त्यांना नावाने ओळखत, संपाचे दिवस आठवत, आणि मला त्यांच्याकडून कधी जास्त भाव लागला नाही.

हे सगळं घरापुरतं. पण माईंनी मला घराबाहेर नेलं, त्याचं ऋण मला अधिक वाटतं. 1975 साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली होती. संगीतकार सुधीर फडके यांच्यासारखी माणसं तिच्या उभारणीत होती. तिची रीत साधी. शेजारपाजारच्या कुटुंबांनी मिळून एक संघ करायचा. प्रत्येक घराने महिन्याच्या किराण्याचं मागणीपत्रक भरायचं, पैसे आधी द्यायचे. पंचायत घाऊक खरेदी करते, नेमल्या दिवशी सगळ्या संघाचं सामान एका ठिकाणी येतं, आणि सभासदांनी ते आपल्या हातांनी घरोघरच्या यादीप्रमाणे लावून वाटून घ्यायचं. दुकान नाही, नोकर नाहीत, जाहिरात नाही. तो सगळा खर्च भावातून उतरतो. लालबागला असताना माईंना हे कळलं होतं, आणि आमच्या इमारतीत संघ उभा राहिला तो त्यांच्या पाठपुराव्याने. साल 1986. त्याच वर्षी संसदेने ग्राहक संरक्षण कायदा केला, पण आम्हाला त्या वेळी कायद्यापेक्षा टेम्पो कधी येतो याचं अगत्य जास्त होतं.

सामान आमच्या तळमजल्यावरच्या एका घराच्या व्हरांड्यात उतरे. पहिल्यांदा उतरलं तेव्हा इमारतीतल्या बायका एकमेकींच्या याद्या बघून चकित झाल्या. इतकी वर्षं शेजारी राहून कुणाच्या घरी किती तेल लागतं हे कुणाला माहीत नव्हतं. पुडे मोजायचे, याद्यांवर खुणा करायच्या, हिशेब जुळवायचा. पाळीपाळीने एकेका घराने ते काम घ्यायचं. माझ्या पाळीला मी कार्यालयातली सवय वापरून सगळ्या घरांचा एक मोठा तक्ता केला. माईंनी तो उभ्या-आडव्या ओळींनी तपासला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ही नोकरी सोडायला निघाली होती."

आगाऊ पैसे भरायचे म्हटल्यावर आधी बऱ्याच घरांनी कां-कूं केलं. रोख देऊन महिनाभराचं एकदम घ्यायचं तर एका महिन्यात दोन महिन्यांचे पैसे लागतात, मागची उधारी आणि पुढचं सामान. आमच्याकडेही तीच अडचण होती. माईंनी त्यांच्या भाजणीच्या पैशांतून मला ती एक महिन्याची रक्कम दिली. व्याज नाही, मुदत नाही. मी पुढे हप्त्यांनी परत केली. उधारीच्या वहीतून बाहेर पडायला ज्या घरांना कमी पगाराची नाही तर फक्त त्या एका महिन्याची अडचण असते, अशी घरं आजही पुष्कळ आहेत, आणि त्यांना तो एक महिना कुणी देत नाही.

राजीनाम्याचा कागद मी फाडला. नुसतं तेवढंच झालं नाही. संध्याकाळी सातला घरी आल्यावर साडेआठला पानं घेतली जाऊ लागली, आणि त्यानंतर तासभर मोकळा राहू लागला. त्या तासात मी खात्याच्या परीक्षेचा अभ्यास केला आणि पास झाले. त्या तासात मुलांच्या पाढ्यांच्या पाठांतराला बसले. तिसऱ्या आठवड्यातली ओढाताण हळूहळू चौथ्या आठवड्यात गेली आणि मग गेलीच. कर्ज मुदतीआधी फिटलं.

बढतीचे पेढे घेऊन गेले तेव्हा मी माईंना एक साडी दिली. त्यांनी ती नेसली, जपली, पण पुढच्याच महिन्यात तेवढ्याच किमतीचे कपडे माझ्या मुलांना आणले. माईंना काही देता येत नसे. त्यांनी माझ्याकडे मागितलं ते एवढंच, गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाने अर्ज मागवले तेव्हा त्यांच्या यजमानांचा अर्ज भरून दे. यजमान तोवर गेले होते. गिरणीचा हजेरीपास, तिकीट नंबर, भविष्य निर्वाह निधीची पावती, सगळं त्यांनी त्याच निळ्या वहीत जपून ठेवलं होतं. मी अर्ज भरला, रांगेत उभी राहिले. 2012 साली पहिली सोडत निघाली. त्यांचं नाव त्यात आलं नाही. नंतरच्या सोडतीची वाट त्या बघत होत्या आणि वाट बघतच गेल्या.

माझी मुलगी पुण्यात असते, नवराबायको दोघंही नोकरी करतात. तिच्या फोनवर बोट टेकवलं की काही मिनिटांत किराणा दारात येतो. मला त्या सोयीबद्दल तक्रार नाही. आम्हाला ती असती तर तापाने फणफणलेल्या मुलाला सोडून कुणी बाजारात गेलं नसतं. पण तिच्या ओट्याखालच्या कप्प्यात मला साबुदाण्याचे तीन पुडे सापडले, आणि मग आम्ही रविवारी सगळे डबे खाली काढले. जावई लसूण सोलायला स्वतःहून बसले. भाज्यांचा क्रम तिने फ्रिजच्या दारावर लावला आहे. तिच्या सोसायटीत आठ-दहा घरांनी मिळून थेट शेतकऱ्याकडून आंबेमोहोर आणि घाऊक बाजारातून डाळी आणायला सुरुवात केली आहे, तक्ता तिने केला आहे. तिला मी एकच अट घातली आहे. एखाद्या घराला पहिल्या महिन्याचे पैसे आगाऊ भरणं जड जात असेल तर ते तिने भरायचे आणि परत कधी मिळतील ते विचारायचं नाही.

मी निवृत्त झाले तेव्हा सेवापुस्तकातली वर्षं मोजून माझं पेन्शन ठरलं. त्यातली पहिली थोडी वर्षं सोडली, तर बाकी सगळी माईंनी मिळवून दिलेली आहेत.